एनजीसी ६९४६ : एका दीर्घिकेत दहा अतिनवतारे – निरीक्षण, प्रकाशमापन आणि शंकानिरसन

वृषपर्वा

या दीर्घिकेचा (गॅलेक्सीचा) विषय अतिनवताऱ्यांच्या (सुपरनोव्हांच्या, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांच्या) प्रत्येक धाग्यात निघतो आणि प्रतिसादांच्या गर्दीत हरवतो, म्हणून हा वेगळा धागा. ज्यांना नुसती माहिती हवी त्यांनी ही पहिली नोंद वाचली तरी पुरे. कॅमेरा लावणाऱ्यांनी मात्र खालची चर्चा सोडू नये.

ही सर्पिल दीर्घिका वृषपर्वा आणि हंस या तारकासमूहांच्या सीमेवर आहे. विषुवांश २० तास ३५ मिनिटे, क्रांती अधिक ६०° ९′ (आकाशातले रेखांश आणि अक्षांश समजा). विल्यम हर्शेलला ती ९ सप्टेंबर १७९८ रोजी सापडली. आपल्याला ती जवळजवळ समोरून दिसते, त्यामुळे हात मोकळे सुटे दिसतात आणि मधे काय पेटलं ते झाकलं जात नाही. आतापर्यंतचे दहा असे (कंसात शोधाच्या वेळची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद):

१९१७ ए – रिची, माउंट विल्सन, १९ जुलै (१४.६)
१९३९ सी – झ्विकी (१३)
१९४८ बी – मेयॉल (१४.९)
१९६८ डी – विल्ड आणि डनलॅप (१३.५)
१९६९ पी – रोझिनो (१३.९)
१९८० के – विल्ड (११.४)
२००२ एचएच – लिक वेधशाळेची स्वयंचलित शोधमोहीम (१६.५)
२००४ ईटी – मोरेत्ती, २७ सप्टेंबर (१२.८)
२००८ एस – आर्बर, १ फेब्रुवारी (१७.६)
२०१७ ईएडब्ल्यू – विगिन्स, युटा, १४ मे (१२.८)

आपल्या आकाशगंगेत शंभर वर्षांत एक-दोन अतिनवतारे होत असावेत असा अंदाज आहे. इथे शंभर वर्षांत दहा, आणि ते फक्त आपल्याला सापडलेले. ज्यांचे वर्णपट नीट मिळाले ते जवळपास सगळे दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे जड ताऱ्याचा गाभा कोसळून झालेले. जड तारे काही कोटी वर्षांतच संपतात. ते सारखे मरताना दिसतात याचा अर्थ ते सारखे जन्मतही आहेत. दीर्घिकेत वायूचा साठा मोठा आहे आणि तारानिर्मिती भराभर चालू आहे. शेजारी धडकणारी दुसरी दीर्घिका नाही, हे विशेष.

१९१७ एचं महत्त्व वेगळं आहे. रिचीच्या या शोधानंतर त्याने आणि कर्टिसने जुन्या फोटोंच्या काचा उपसल्या आणि इतर सर्पिलांतही नवतारे सापडले. सर्पिल म्हणजे आपल्याच आकाशगंगेतले ढग की स्वतंत्र विश्वं, या वादात कर्टिसने हाच पुरावा मांडला. नवतारा आणि अतिनवतारा वेगळे हे तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे अंतरांचा हिशोब बराच काळ गोंधळलेला राहिला.

आठइंची

धागा काढलात हे बरं झालं. अंतराचं काय ते एकदा स्पष्ट करा. एका ठिकाणी १.९ कोटी प्रकाशवर्षं वाचलं, दुसरीकडे अडीच कोटी.

वृषपर्वा

@आठइंची, दोन्ही आकडे छापलेले आहेत. जुना ५.९ मेगापार्सेक, म्हणजे १.९ कोटी प्रकाशवर्षं. नंतर हबलच्या चित्रांतून लाल राक्षसी ताऱ्यांच्या तेजाची वरची मर्यादा मोजून ७.७ मेगापार्सेक, म्हणजे अडीच कोटी आला. मी नवा धरतो, कारण ती पद्धत थेट त्याच दीर्घिकेतल्या ताऱ्यांवर चालते.

हा फरक किरकोळ नाही. ७.७ भागिले ५.९, त्याचा वर्ग १.७. जुन्या पेपरमधला अतिनवतारा नव्या अंतराने १.७ पट तेजस्वी होतो. २०१७ ईएडब्ल्यू घ्या. कमाल दृश्यप्रत साधारण १२.८. अंतरामुळे घटलेल्या तेजाचे २९.४४ वजा करा, वाटेतल्या धुळीने खाल्लेले ०.९४ वजा करा, निरपेक्ष प्रत (ताऱ्याचं खरं तेज, अंतर आणि धूळ वगळून) उणे १७.६ च्या आसपास येते. जुन्या अंतराने उणे १७.० आली असती. म्हणून २०१८ पूर्वीच्या पेपरमधले तेज, निकेलचं वस्तुमान, मूळ ताऱ्याचं वस्तुमान हे आकडे उचलताना कोणतं अंतर धरलंय ते आधी पाहा.

धूळ आपल्याच आकाशगंगेची आहे. दीर्घिका आकाशगंगेच्या पट्ट्यापासून जेमतेम १२° वर, त्यामुळे जवळजवळ एक प्रत इथेच जाते.

ऋता_एन

ताई म्हणा, दादा म्हणा, पण आधी आम्हाला ती दिसते कुठे ते सांगा. :) पुण्याहून साठ क्रांती म्हणजे उत्तर क्षितिजावरची झाडंच दिसायची.

आठइंची

तितकं वाईट नाही ऋताताई. पुण्याच्या अक्षांशावरून ती याम्योत्तरावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर) येते तेव्हा उत्तरेला ४८° उंच असते, आणि रोज सुमारे आठ तास ३०° च्या वर. वेळेचा अंदाज असा: १ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर साडेबाराला सर्वोच्च, १ ऑक्टोबरला रात्री साडेआठला, १ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसहालाच. डिसेंबर संपता संपता अंधार पडेपर्यंत ती २७° वर उतरलेली असते, तेव्हा सोडून द्या.

घोडं अडतं ते पावसाळ्यात. ती मध्यरात्री सर्वोच्च असते तेच महिने आपल्याकडे ढगांचे. म्हणजे हाती उरतात दोन तुकडे: एप्रिल-मे मध्ये पहाट, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळ. मेच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे चारला ती जवळजवळ सर्वोच्च असते, पण साडेचारनंतर संधिप्रकाश सुरू, त्यामुळे दुर्बीण तीनला तयार हवी. २०१७ ईएडब्ल्यू १४ मे रोजी सापडला, पहिले दोन-तीन आठवडे आपल्याला मिळण्यासारखे होते, नंतर पाऊस.

शोधायची वाट: वृषपर्वातला ३.४ प्रतीचा ईटा तारा पकडा. तिथून नैर्ऋत्येला दोन अंश. त्याच चौकटीत ४० कलांवर (६० कला म्हणजे एक अंश) वायव्येला एनजीसी ६९३९ हा खुला तारकागुच्छ आहे. आठ इंची, १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सनियन दुर्बिणीला २५ मिमी नेत्रिका लावली तर ४८ पट वर्धन आणि साधारण एक अंशाची चौकट मिळते. दोन्ही एकत्र मावतात. तारकागुच्छ आधी दिसेल. दीर्घिका म्हणजे शेजारी पुसटसा डाग, नजर जरा बाजूला ठेवल्यावर उमटणारा. शहराबाहेर साठ-सत्तर किलोमीटर गेल्याशिवाय हात दिसण्याची अपेक्षा धरू नका.

मजा अशी की अतिनवतारा स्वतः दीर्घिकेपेक्षा सोपा असतो. दीर्घिकेचं नऊ-साडेनऊ प्रतीचं तेज ११ कलांवर पसरलेलं आहे, तर १२.८ प्रतीचा तारा एका बिंदूत. बऱ्यापैकी आकाशात आठ इंचीला दीर्घिका हरवते आणि तारा टिकतो. मात्र नकाशा हातात नसेल तर तो कोणता हे कळणार नाही, कारण इथे समोर आपल्याच आकाशगंगेतले ढीगभर तारे आहेत.

न्यूजर्सीकर

इथून (४०° उत्तर) ती मावळतच नाही. सर्वोच्च ७०°. जून ते सप्टेंबर आमच्याकडे उत्तम. महाराष्ट्रातल्या गटाने पावसाळ्यातल्या मोजमापांची जबाबदारी इकडच्यांवर सोपवली तर प्रकाशवक्रात (तेज दिवसांगणिक कसं बदललं त्या आलेखात) चार महिन्यांचं भगदाड पडणार नाही. फक्त दोन्हीकडे तेच तुलना तारे (ज्यांची प्रत ठाऊक आहे असे शेजारचे तारे) आणि तोच फिल्टर हवा, नाहीतर दोन जोडलेले वक्र पायरीसारखे दिसतील आणि कोणाचं चुकलं यावर धाग्यात भांडणं.

ऋता_एन

+१. आता कॅमेऱ्याचं सांगा. माझ्याकडे सीस्टार एस५० ही कॅमेऱ्यासकटची छोटी स्वयंचलित दुर्बीण आहे. ५० मिमीच्या भिंगात काय हाती लागणार?

पिक्सेलपाटील

बरंच काही, पण मर्यादा ओळखून.

पिक्सेलचं माप काढायचं सूत्र सगळ्यांनी पाठच करावं: २०६ गुणिले पिक्सेल (मायक्रॉन) भागिले नाभीय अंतर (मिमी). एस५० ला २.९ मायक्रॉन आणि २५० मिमी, म्हणजे २.४ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) प्रति पिक्सेल. आठ इंची एफ/५ ला ३.७६ मायक्रॉनचा कॅमेरा लावला तर ०.७८. २०१७ ईएडब्ल्यू केंद्रापासून ६१ विकला पश्चिमेला आणि १४३ उत्तरेला होता, म्हणजे एस५० वर पासष्ट पिक्सेल दूर. त्याला अडचण नाही. अडचण येते ती तारा एखाद्या तेजोमेघाच्या गाठीवर बसला की. २.४ विकलांत ती गाठ आणि तारा एकच दिसतात.

सीस्टार आल्टअझिमथ पद्धतीत (दुर्बीण नुसती वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरवत) चालवलं तर चौकट फिरते. या दीर्घिकेच्या याम्योत्तरलंघनाच्या वेळी पुण्याहून हा वेग ताशी २१° च्या आसपास येतो. १० सेकंदांच्या एक्सपोजरमध्ये कोपऱ्याला एक पिक्सेल, चालून जातं. ३० सेकंद ठेवलं तर तीनेक पिक्सेल, कडेचे तारे लांबुळके होतात आणि नेमके तुलना तारे कडेला असतात. म्हणून १० सेकंदच ठेवा आणि संख्या वाढवा: ९० ते १२० फ्रेम. इक्वेटोरियल वेज (दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे कलवणारा पाट) असेल तर हा प्रश्न मिटतो.

इक्वेटोरियल माउंटवाल्यांना या क्रांतीचा एक फायदा आहे. ६० अंशांवर तारा आकाशात विषुववृत्ताच्या निम्म्या वेगाने सरकतो, त्यामुळे विषुवांशाच्या गिअरची आवर्ती चूकही चित्रात निम्मी दिसते. गाइडिंग (तारा बघून माग दुरुस्त करणं) नसलं तरी ३० ते ६० सेकंद निभावतात, ध्रुवसाधना (अक्ष ध्रुवाकडे रोखणं) मात्र नीट हवी.

कॅमेऱ्यात फक्त मोजण्यापुरत्या या गोष्टी बघा:
फ्लॅट (एकसारख्या उजेडाचं चित्र) रोज घ्या. धुळीचा एक डाग ०.०५ प्रतीची चूक सहज घालतो.
डिदरिंग (फ्रेमगणिक दुर्बीण किंचित सरकवणं) सुरू ठेवा. नाहीतर गरम पिक्सेल सगळ्या फ्रेममध्ये एकाच ताऱ्याजवळ बसतो आणि स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र केलेल्या चित्रात) 'नवा तारा' उगवतो.
जेपीजी नको, फिट्सच (कच्चे आकडे जपणारी फाइल) ठेवा. स्ट्रेच केलेल्या चित्रावर प्रकाशमापन होत नाही.
तुलना तारा संपृक्त (पिक्सेल उजेडाने भरून गेलेला) नको. पूर्ण क्षमतेच्या ७० टक्क्यांखाली ठेवा.

तुलनातारा

पाटीलसाहेबांनी कॅमेरा उरकला, मी मोजमाप घेतो. लोक ज्यावर सगळ्यात कमी वेळ देतात ते हेच आहे.

तुलना तारे आव्हसोच्या (चलताऱ्यांच्या निरीक्षकांची अमेरिकन संस्था) नकाशातून घ्या, अंदाजाने नाही. दीर्घिकेपासून १० ते १५ कलांत, अतिनवताऱ्यापेक्षा एक प्रत वर-खाली, किमान तीन आणि वर एक तपासतारा. तपासताऱ्याची प्रत रोज तीच यायला हवी. ती ०.०३ पेक्षा जास्त हलली तर त्या रात्रीचं मोजमाप बाजूला ठेवा.

रंगीत कॅमेऱ्याच्या हिरव्या वाहिनीतून मोजत असाल तर आव्हसोला 'टीजी' असं कळवा, 'व्ही' नाही. दुसऱ्या प्रकारचा अतिनवतारा सुरुवातीला निळा असतो आणि काही आठवड्यांत तांबूस होतो. तुमच्या वाहिनीची आणि खऱ्या व्ही फिल्टरची खिडकी एक नाही, त्यामुळे सुरुवातीला जुळणारं मोजमाप पुढे हळूहळू सरकत जातं. व्ही म्हणून दिलं तर ती सरक ताऱ्याची समजली जाते.

छिद्राची (ताऱ्याचा उजेड मोजायच्या वर्तुळाची) त्रिज्या ताऱ्याच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट. गोम पार्श्वभूमीच्या, म्हणजे आजूबाजूचा उजेड मोजायच्या, कड्यात आहे. सर्पिल हातावर बसलेल्या ताऱ्याभोवती कडं टाकलं की त्यात हाताचा अर्धा भाग येतो, अर्धा रिकामा. सरासरी घेतली तर चुकीची, मध्यक घेतलं तर जरा बरं, पण तारा १५ च्या खाली उतरला की दोन्ही कोसळतात. यावर खरा उपाय एकच: वजाबाकी. त्याच दुर्बिणीने, त्याच कॅमेऱ्याने, त्याच फिल्टरने, अतिनवतारा नसताना घेतलेलं खोल चित्र आजच्या चित्रातून वजा करायचं. दीर्घिका जाते, तारा उरतो.

आणि म्हणून सांगतो, हे खोल चित्र, म्हणजे टेम्प्लेट, आत्ता घ्या. चांगल्या हवेच्या रात्री किमान दोन तास. स्फोट झाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही, मग दोन वर्षं थांबावं लागतं.

आठइंची

दोन वर्षं का?

तुलनातारा

प्लेटोवाला (प्रकाशवक्रात सपाट पठार असलेला) दुसरा प्रकार शंभरेक दिवस जवळपास एकाच तेजावर थांबतो, मग काही आठवड्यांत दीड-दोन प्रतींनी कोसळतो, आणि नंतर कोबाल्ट-५६ च्या किरणोत्सारावर चालतो. त्याचं अर्धायुष्य ७७ दिवस, म्हणून शेपटीत शंभर दिवसांना साधारण एक प्रत. तुमच्या दुर्बिणीच्या मर्यादेखाली तो पुरता जाईपर्यंत तेवढा वेळ लागतोच. २००४ ईटीचा सपाट भाग ११० दिवसांचा होता.

खोडदचा_वारा

२००४ ईटी निघालाच आहे तर: हानलेच्या दोन मीटर हिमालयन चंद्र दुर्बिणीने त्याचा प्रकाशवक्र आणि वर्णपट घेतले, आणि आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने १२८० मेगाहर्ट्झवर तो रेडिओत मोजला. ४५ मीटरच्या ३० तबकड्या. गाभा कोसळलेल्या ताऱ्याने मरण्याआधी जो वायू बाहेर फेकलेला असतो त्यावर स्फोटाची लाट आदळते, त्यातून रेडिओ आणि क्ष-किरण निघतात. त्यावरून तारा शेवटच्या काळात किती वेगाने वस्तुमान गमावत होता ते काढतात.

याच दीर्घिकेतला १९८० के सुरुवातीच्या रेडिओ अतिनवताऱ्यांपैकी, आणि आइनस्टाइन उपग्रहाने क्ष-किरणांत पकडलेला पहिला अतिनवतारा. त्यामुळे हौशी प्रकाशमापन करणाऱ्यांनी कमी लेखून घेऊ नये. रेडिओवाल्यांना स्फोटाची तारीख हवी असते, आणि ती पहिल्या दोन-तीन दिवसांच्या दृश्य मोजमापांतूनच ठरते. 'काल रात्री इथे १६.५ पर्यंत काही नव्हतं' या एका ओळीला सोन्याचा भाव असतो.

ऋता_एन

२००२ एचएच १६.५ आणि २००८ एस १७.६, बाकीचे १३-१४. हे दोन इतके मंद का?

वृषपर्वा

दोघांची कारणं वेगळी. २००२ एचएच हा साधा प्लेटोवाला, पण धुळीच्या मागे. सुमारे पाच प्रती धुळीने खाल्ल्या, म्हणजे शंभरातला एक प्रकाशकण पोचला. अवरक्तात तो चांगला दिसत होता.

२००८ एस मुळातच मंद. स्फोटाआधीच्या खोल दृश्य चित्रांत तिथे काहीच नव्हतं, स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांत मात्र धुळीत गुरफटलेला, दहा सौरवस्तुमानांच्या आसपासचा तारा सापडला. हा खरा अतिनवतारा की नुसता मोठा उद्रेक, यावर वाद झाला. पुढे तो मूळ ताऱ्याहूनही मंद झाला, त्यामुळे तारा संपला या बाजूला माझा कल आहे. दहाच्या यादीत तो घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि जाता जाता, २००४ ईटीचा मूळ तारा. आधी पिवळा महाराक्षसी तारा म्हणून जाहीर झाला. अतिनवतारा विझल्यावर पाहिलं तर तो 'मूळ तारा' जागेवरच! बारकाईने घेतलेल्या चित्रांत ते एकापेक्षा जास्त तारे निघाले. मोठ्या दुर्बिणीलाही दोन ताऱ्यांची सरमिसळ चुकत नाही.

न्यूजर्सीकर

त्याच भागातला न फुटलेला तारा विसरू नका. एन६९४६-बीएच१. साधारण २५ सौरवस्तुमानांचा लाल महाराक्षसी तारा, २००९ मध्ये दहा लाख सूर्यांहून तेजस्वी झाला, आणि २०१५ पर्यंत दृश्य प्रकाशात नाहीसा. लार्ज बायनॉक्युलर दुर्बिणीच्या पाहणीत सापडला. अतिनवतारा न होता थेट कृष्णविवर, असा अंदाज. जेम्स वेबने तिथे अजून अवरक्त उगम पाहिले आहेत, त्यामुळे दोन तारे एकत्र होऊन धुळीत दडले असण्याची शक्यताही उभी आहे.

आठइंची

२०१७ चा शोध हौशीने लावला. म्हणजे आपल्यालाही संधी आहे? शिवाय वर्षं बरीच गेली, आता पाळी आलीच म्हणायची.

तुलनातारा

पाळी वगैरे काही नसते. ताऱ्यांना एकमेकांची खबर नसते. दहा वर्षांना सरासरी एक धरला तर कोणत्याही वर्षी शक्यता साडेनऊ टक्के, मागे कितीही रिकामं गेलं असो. १९८० नंतर बावीस वर्षं काही नाही, मग सहा वर्षांच्या आत तीन. त्यात गूढ शोधू नका.

शोधाची संधी कमी झालीय हे खरं. झेडटीएफ आणि ॲटलास या स्वयंचलित पाहण्या दोन-तीन रात्रींत आकाश झाडून काढतात. तरी २०२३ मध्ये एम १०१ या दीर्घिकेतला २०२३ आयएक्सएफ इतागाकींनीच पकडला, तेही हौशी. तेजस्वी दीर्घिकेत पहिल्या काही तासांची फट उरते.

सापडल्यासारखं वाटलं तर हात दाखवून अवलक्षण नको. क्रम असा ठेवा. निदान अर्ध्या तासाने दुसरा संच घ्या, कॅमेरा थोडा सरकवून. मग पॅनस्टार्स आणि गाया या जुन्या आकाशपाहण्यांत तिथे तारा आहे का पाहा, इथे समोरचे चलतारे हेच सगळ्यात मोठं संकट. मग ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर (नव्या शोधांची अधिकृत नोंदवही) दहा विकलांच्या परिघात शोधा. लघुग्रह तपासा, जरी ही दीर्घिका क्रांतिवृत्तापासून ७२° दूर असल्याने तो इथे क्वचितच येईल. एम ६१ सारख्या दीर्घिकेत मात्र ही पायरी कधीच गाळू नका. इतकं झाल्यावर नोंदवा: एका विकलेच्या आत अचूक स्थान, प्रत, फिल्टर, आणि शेवटचं 'काही नव्हतं' याची तारीख व मर्यादा. नाव आधी 'एटी' मिळतं, वर्णपट झाल्यावर 'एसएन'.

पिक्सेलपाटील

यात एक भर, कारण नोंदींत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. वेळ जागतिक लिहायची. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. १५ मेच्या पहाटे तीनला घेतलेलं चित्र १४ मे, २१:३० म्हणून जातं. पहाटे साडेपाचच्या आधीचं सगळं आदल्या तारखेचं. आणि वेळ एक्सपोजरच्या मध्याची द्या. स्टॅक असेल तर पहिल्या फ्रेमच्या सुरुवातीपासून शेवटच्या फ्रेमच्या शेवटापर्यंतचा मध्य. सीस्टारच्या फिट्स शीर्षकात कोणती वेळ पडतेय ते एकदा फोनच्या घड्याळाशी ताडून बघा.

ऋता_एन

वाचनखूण साठवली. ऑक्टोबरच्या अमावास्येला टेम्प्लेट घेते. १० सेकंदांच्या ७२० फ्रेम म्हणजे दोन तास, बरोबर?

पिक्सेलपाटील

कागदावर बरोबर. प्रत्यक्षात काही फ्रेम गळतात आणि दर फ्रेममागे वाचनाचा वेळ जातो, त्यामुळे अडीच-तीन तासांची तयारी ठेवा. सव्वासातला सुरू केलंत तर ती जवळजवळ सर्वोच्च असेल आणि दहापर्यंत ४० अंशांच्या आसपास राहील. दवप्रतिबंधक हीटर चालू ठेवा, ऑक्टोबरमध्ये नऊनंतर भिंगावर दव धरतं आणि शेवटच्या शंभर फ्रेम वाया जातात.